मका साठवण्याआधी मिठाची बाटली हलवा

ओलसर मक्याला बुरशी धरते आणि तिचं विष डुकराच्या पिल्लांना लवकर बाधतं. पिल्लं खाणं सोडतात, ओकतात. लहान माद्यांचं निरण (योनीचं बाहेरचं तोंड) लाल होऊन सुजतं. एवढासा जीव तो! म्हणून साठवण्याआधी मक्यातली ओल अशी तपासा:

1. मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. पावसाळ्यात हे चुकवू नका, नाहीतर मिठाचीच ओल फसवते.
2. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग मका आणि दोन चमचे मीठ घालून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा.
3. दहा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेलं दिसलं, तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. मका पुन्हा उन्हात घाला.

बुरशी आलेला मका उकडून पिल्लांना घालू नका. बुरशी मरते, विष राहतं.