दागिन्यांचं डिझाईन सुचत नाहीये? मग आधी या चुका टाळा

डिझाईन सुचत नाही म्हणून मोबाईल उघडायचा, पिंटरेस्टवर शोधायचं आणि तासभर बोट फिरवून एकाचा झुमका, दुसऱ्याची नक्षी, तिसऱ्याचा खडा जोडून ‘नवीन’ डिझाईन तयार. ही सगळ्यात कॉमन चूक, आणि साताऱ्यात काय नि सांगलीत काय, नवीन शिकणारी बरीच पोरं इथंच अडकतात. तयार दागिने बघून तयार दागिनेच सुचणार ना! काय ठेवायचं नि काय गाळायचं हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, तुम्हाला फक्त खड्याचा रंग बदलायचं काम उरतं. कोल्हापुरी साज एकदा नीट बघा, मासा, कासव, बेलपान, कारलं, चंद्र, भुंगा... ज्याने हा पहिल्यांदा घडवला तो शेतात, पाण्यात, आभाळात बघत होता, दुसऱ्या सोनाराच्या काचेत नाही. त्यामुळं काही दिवस दागिन्यांचे फोटो बंद, बाकी जगातलं काहीही बघा.

आता निसर्ग बघा म्हटलं की आपल्याकडं सगळे कासला पळतात. जा की, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, पण सीझनला रोज ठरावीकच लोकांना सोडतात म्हणून ऑनलाईन बुकिंग करून जा आणि फुलं तोडू नका, खिशात एक भिंग ठेवा. खरी चूक परत आल्यावर होते. फूल जसंच्या तसं उचलायचं, पाच पाकळ्या, मध्ये खडा, वर कडी, की झालं पेंडंट, जे लांबून शाळेच्या बिल्ल्यासारखं दिसतं. अख्खं फूल नका घेऊ, त्यातली एकच गोष्ट घ्या. कंदीलपुष्प बघा, त्याच्या बऱ्याच जातींत पाकळ्यांची टोकं वर एकमेकींना चिकटलेली असतात, म्हणजे एक छोटा पिंजराच तयार होतो. कानातल्यासाठी हे सोनं आहे राव, कारण टोकं सुटी नसल्यामुळं पदरात, केसात अडकायची भीती कमी आणि आत मोती सोडला तर तो हलतोही. फुलाचा ‘लूक’ नको, ते उभं कसं राहिलंय ते चोरा.

वास्तूंचंही तेच. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर बघायला गेलात तर कमानीपुढं सेल्फी काढून परत येऊ नका, वरून तिचा आराखडा कागदावर काढा. शिवलिंगासारखा तो आकार आणि काठावरच्या मोटांच्या जागा, यात अख्ख्या सेटचा मांडणीचा हिशोब बसतो.

कागदावर भारी दिसतं पण अंगावर मजा येत नाही? मग नव्वद टक्के वेळा माप चुकलेलं असतं. स्क्रीनवर झूम करून काढलेली नक्षी कानात आली की नखाएवढी होते आणि सगळं गिचमिड दिसतं, म्हणून प्रत्येक डिझाईन खऱ्या मापात प्रिंट करा, कापा, दोऱ्यानं कानाला लटकवा आणि चार पावलं लांबून आरशात बघा. जे दिसत नाही ते काढून टाका, उगाच मजुरी वाढते.

वजनाचा विसर तर फार महागात पडतो. चांदीत नमुना काढला, १० ग्रॅम भरला, गिऱ्हाईक खूश, आणि तोच २२ कॅरेट सोन्यात केला की साधारण १७ ग्रॅम होतो, कारण सोनं तेवढं जड. मग कानाची पाळी ओढली जाते, बजेटही कोसळतं. बारीक जाळी, खड्याच्या नाजूक पकडी असं काही असेल तर १८ कॅरेटचा विचार करा, २२ मऊ पडतं.

पारंपरिक दागिना घेऊन ‘फ्यूजन’ करताना तो तसा का आहे हेच लोक विचारत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. ठुशीचे मणी दाट, ती गळ्याला चिकटून बसते आणि मागच्या दोरीमुळं सासूच्या नि सुनेच्या दोघींच्या गळ्यात बसते, ती दोरी काढून ठरावीक मापाची साखळी लावली की अर्धी ठुशी गेली. पाटल्या, तोडे, गोठ, बांगड्या एकाच हातात असतात, तेव्हा टोकदार कडेचं कडं शेजारच्या सगळ्यांना खरवडणार. आणि लक्ष्मी किंवा सूर्याचं डिझाईन आवडलं म्हणून पैंजणावर टाकू नका, सोनंसुद्धा पायात घालत नाहीत आपल्याकडं, घरातल्या आजी ते पैंजण हातात घेणार नाहीत.

एआयची चित्रं दाखवणारेही वाढलेत. आयडियेला ठीक, पण त्यात खडा हवेत तरंगतो, फासा, म्हणजे दागिना अडकवायची कडी, कुठंच नसतो.

शेवटचा अडथळा म्हणजे कारागीर म्हणतो, “हे होणार नाही.” इथं नाराज होऊन डिझाईन फेकू नका, भांडूही नका. कुठला जोड टिकणार नाही, कुठं पत्रा पातळ पडतोय, कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतताना, कुठली तार भरणार नाही, असं बोट ठेवून विचारा. बऱ्याचदा मागून एक तार घातली की काम होतं, आणि ती तार लपवायची की पुढं आणून नक्षी करायची यावरून पुढचं डिझाईन तिथंच, त्याच्या भट्टीजवळ बसल्या बसल्या सुचतं.