परदेशी नावाच्या लेकराला हाक मारायचं नाव कसं ठरवावं

लेकीचं नाव झोई, लेकाचं होआकिन आणि आजी-आजोबा उदगीरला, सेलूला नाहीतर अंबाजोगाईला. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरू गावी आलं की दोन दिवसांत त्याच्या नावाची चार रूपं होतात आणि तिसऱ्या दिवशी ‘बाळू’ किंवा ‘सोनू’ चिकटतं. त्यात वाईट काही नाही. पण ज्या नावानं लेकरू स्वतःला ओळखतं, त्या नावाचा त्यात मागमूसही राहत नाही. थोडी आधीपासून तयारी केली तर हाकेचं नाव मूळ नावातूनच काढता येतं.

आधी नाव कुठं मोडतंय ते ऐका

पाच-सहा जणांकडून नाव म्हणवून घ्या. त्यात आजी, शेजारची बाई, अंगणवाडीच्या ताई, उर्दू बोलणारे किराणावाले चाचा आणि एखादं सात-आठ वर्षांचं पोरगं असू द्या. नाव नेहमीच्या वेगात दोनदा सांगा, तोडून-तोडून शिकवू नका. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा विचारा आणि ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून ठेवा. रात्र उलटल्यावर जे तोंडात उरतं, त्यावरच पुढचं काम करायचं.

नाव मोडण्याची कारणं तीन असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

पहिलं कारण म्हणजे रोमन अक्षरं. होआकिन हे स्पॅनिश नाव ‘जे’ या अक्षरानं सुरू होतं, म्हणून वाचणारा ‘जोआक्विन’ म्हणतो. शॉन हे आयरिश नाव इंग्रजी अक्षरं बघून ‘सीन’ होतं. इथं टोपणनावाची गरजच नाही. नाव देवनागरीत लिहून द्या, गडबड तिथंच मिटते. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मराठीत आहेत, त्यामुळं ॲलिस, ऑस्कर ही नावं अचूक लिहिता येतात.

दुसरं कारण आवाजाचं. झोईतला पहिला आवाज ‘झाड’मधला नाही, त्यात हवेचा झोत नसतो. ‘जोर’ आणि ‘जावई’ मधला ज त्याच्या बराच जवळ जातो. म्हणून ‘जोई, जोरातला ज’ असं सांगितलं की आजीचा उच्चार पटकन जुळतो. मात्र पुढं इ किंवा ए आला की आपली जीभ ‘जीव’, ‘जेवण’ यांतल्या ज कडं वळते, त्यामुळं झेनोचा ‘जेनो’ होणारच. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडकडं उर्दू-दखनी बोलणारे शेजारी हे आवाज सहज काढतात, म्हणून एकाच गल्लीत नाव दोन तऱ्हांनी ऐकू येईल. लेकराला हे आधीच सांगून ठेवा.

तिसरं कारण जोडाक्षरांचं. ॲस्ट्रिडमध्ये तीन व्यंजनं एकापाठोपाठ येतात, तर मॅक्स दोन व्यंजनांवर संपतो. म्हातारी माणसं मध्ये स्वर घालतात, मग ‘आस्तरीड’ आणि ‘म्याकस’ होतं. हाकेच्या नावाची खरी गरज इथं असते.

फक्त सूर बदलत असेल, म्हणजे सोफियाचा ‘फ’ जरा जाड येत असेल किंवा विल्यम आणि व्हिव्हियन यांच्या सुरुवातीचा फरक ऐकू येत नसेल, तर नाव तसंच राहू द्या. थोडं मराठी वळण लागलेलं नाव चुकीचं नसतं. त्यासाठी दुसरं नाव शोधलं तर आपलं नाव अवघड आहे, असं लेकराच्या मनात उगीच बसतं.

मूळ नावातून हाकेचं नाव काढणं

मूळ नावातलं एक ठळक अक्षर धरून ठेवा, शक्यतो पहिलं. दोन अक्षरं पुरेत, दोन्हींमध्ये साधं व्यंजन आणि स्वर असावा, शेवट दीर्घ स्वरानं व्हावा. राजू, अंजू, मंजूमधला ‘ऊ’ मुलाला आणि मुलीला दोघांनाही चालतो, म्हणून सुरुवात तिथून करा. सेबास्तियानचा सेबू, एलिझाबेथची एलू किंवा एली, मॅग्दलेनाची लेनू, फ्रेडरिकचा रिकू. मॅग्दलेनाचं ‘मॅगी’ टाळा, पोरं शेवयांची चेष्टा मोठेपणीसुद्धा सोडत नाहीत. थॉमसचं ‘टॉमी’ तर नकोच, त्या नावाचं कुत्रं प्रत्येक गावात असतं. रॉकी, टायगर यांचंही तसंच.

जवळचं मराठी नाव घ्यायचा मोह होतो. कियरनला किरण, रोवनला रोहन, झोईला जुई. ऐकायला गोड वाटतं. पण किरण हे स्वतःच पूर्ण नाव आहे. वर्षभरात नातेवाईक तेच खरं समजतात, लग्नपत्रिकेत तेच छापून येतं आणि मूळ नाव फक्त पासपोर्टवर उरतं. आमचं मत असं, की टोपणनाव टोपणनावासारखंच दिसावं. सेबू ऐकल्यावर ‘पूर्ण नाव काय?’ असं कुणीही विचारतं, किरण ऐकल्यावर विचारत नाही.

कसोट्या

निवडलेली दोन-तीन नावं पुढच्या कसोट्यांवर घासून बघा. यात घाई करू नका, बिघडतं ते इथंच.

अर्थाची कसोटी सगळ्यात महत्त्वाची. काई नावाच्या पोराला दिवसभर ‘काय’ ऐकावं लागतं आणि हाक कोणती, प्रश्न कोणता हे त्याला कळत नाही. निकोचं ‘नको’ होतं. कायला म्हटलं की ‘कशाला’ विचारल्यासारखं वाटतं. आपल्याकडं बोलताना ण चा न सर्रास होतो, त्यामुळं ‘हाना’ आणि ‘हाणा’ यांत कानाला फरकच उरत नाही. मारा हे नाव तर सरळ आज्ञाच होऊन बसतं. दखनी बोलणाऱ्यांना मिया हे मुलीचं नाव ‘मियाँ’ ऐकू येतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं घर असेल तर तेलुगू बोलणाऱ्याला आणि उमरगा, निलंगा, उदगीरकडं असेल तर कन्नड बोलणाऱ्यालाही विचारा. कन्नडमध्ये ‘इली’ म्हणजे उंदीर, म्हणून त्या पट्ट्यात एलीपेक्षा एलू बरी.

मग घरातल्या नात्यांची कसोटी. ॲनाचं ‘अण्णा’ व्हायला वेळ लागत नाही, आणि लातूर-धाराशिवकडं घरात एखादे अण्णा असतातच. आबा, नाना, बापू, माई, अक्का यांच्याशी जुळणारं काही ठेवू नका. सासऱ्यांचं किंवा थोरल्या दिरांचं नाव न घेण्याची रीत अजून पाळली जाते अशा घरात टोपणनाव त्यांच्या नावासारखं निघालं, तर काकू आणि आजी ते कधीच उच्चारणार नाहीत. मग लेकराला पुन्हा ‘बाळू’. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची पाळण्यातली नावंसुद्धा विचारून घ्या.

हाक मारून बघा. माळवदावरून किंवा वावराच्या बांधावरून मोठ्यानं ओरडा. शेवटी क, ट, प असलं की नाव अर्ध्यात विरतं, आ-ई-ऊ लांब जातात. मराठीत हाक मारताना नाव बदलतं, हेही लक्षात ठेवा. एलीची ‘एले’ होणार, लाराची ‘लारे’, लुकाचा ‘लुक्या’, टॉमचा ‘टॉम्या’. हे कुणी ठरवून करत नाही, थांबवताही येत नाही, आणि बहुतेक वेळा त्यात मायाच असते. ते बदललेलं रूप तुम्हाला आणि लेकराला आवडतंय का, हे बघून मगच नाव पक्कं करा.

त्याला ला, नं, चं, कडं, संगं लावून वाक्यं म्हणा: ‘सेबूला बोलाव’, ‘सेबूचं दप्तर’, ‘सेबूसंगं जा’. जीभ अडली नाही तर ठीक. शेवटी ते नाव आठ-दहा वर्षांच्या चार पोरांपुढं टाका आणि यमक जुळवा म्हणा. चिडवायचा जो शब्द निघायचा तो पाच मिनिटांत निघतो. तो निरुपद्रवी असेल तर पुढं जा.

लेकराला विचारा, मग रुळवा

तीन-चार वर्षांपुढच्या लेकरापुढं दोन नावं ठेवा आणि निवड त्याच्यावर सोडा. ‘हे माझं नाव नाही’ असं ते दोन-तीनदा म्हणालं तर ते नाव सोडून द्या, लाडीगोडी लावून गळी उतरवू नका. बारसं व्हायचं असेल तर काम सोपं. कानात कुर्र करण्याचा मान आत्याचा, तेव्हा आधी मूळ नाव आणि मग हाकेचं नाव, दोन्ही तिनंच सांगावीत. आत्यानं ठेवलेल्या नावाला सहसा कुणी फाटा देत नाही.

वडिलांच्या घरी आणि मामाच्या गावी हाक एकच असली पाहिजे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेकराच्याच आवाजात दहा सेकंदांचा संदेश टाका: ‘माझं नाव सेबास्तियान, मला सेबू म्हणा.’ लिहिलेल्यापेक्षा ऐकलेलं लवकर बसतं. नव्या माणसाला ओळख करून देताना मात्र पूर्ण नाव आधी सांगा. चुकीचं म्हणालं कुणी तर एकदा सावकाश सांगा, चारचौघांत पुन्हापुन्हा दुरुस्त करू नका. त्यानं म्हातारी माणसं नाव घेणंच टाळायला लागतात.

कागदावर टोपणनाव नको

शाळेचा प्रवेश अर्ज, आधार, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचा केसपेपर, सगळीकडं मूळ नावच द्या. लस ‘सेबू’च्या नावावर आणि दाखला ‘सेबास्तियान’च्या, असं झालं की पुढं हेलपाटे ठरलेले. महाराष्ट्रातल्या जन्म दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतं, म्हणून देवनागरीतलं लेखन तिथंच पक्कं करा आणि पुढं वेलांटीसुद्धा बदलू देऊ नका. जन्म परदेशातला असेल तर इंग्रजी लेखन पासपोर्टबरहुकूम ठेवा. आधार केंद्रावर इंग्रजी नाव टाकलं की मराठी रूप संगणक आपोआप तयार करतो, आणि परदेशी नावांत तो हमखास चुकतो. पावती छापण्याआधी पडद्यावर वाचून घ्या, कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

वर्गशिक्षिका, रिक्षावाले काका आणि अंगणवाडीच्या ताई यांना एका चिठ्ठीवर दोन्ही नावं देवनागरीत लिहून द्या: वर मूळ, खाली हाकेचं. हजेरीला वरचं, बाकी वेळी खालचं. दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर लेकरू ‘आता मला पूर्ण नावानंच हाक मारा’ म्हणालं तर शाळेत त्याच दिवसापासून तसं सुरू करायला सांगा. घरी आजी सेबूच म्हणत राहिली तर चालेल का, हे त्यालाच विचारा.