शके 1551 म्हणजे इसवी सन किती? पाडव्याचं साधं गणित

जुन्या पत्रात, देवळातल्या शिळेवर नाहीतर आजोबांच्या जन्मपत्रिकेत "शके अमुक" दिसलं की बरेचजण पान उलटतात, खरंतर हिशोब चौथीतला आहे. शकेत 78 मिळवायचे की आलं इसवी सन. शिवराज्याभिषेक शके 1596 चा, त्यात 78 मिळवा, 1674. झालं.

पण आता महाराजांचा जन्म घ्या. शके 1551, अधिक 78 म्हणजे 1629, आणि आपण तर 1630 म्हणतो. चूक कुणाचीच नाहीये, तिथी बघा, फाल्गुन वद्य तृतीया. आपलं वर्ष चैत्र पाडव्याला बदलतं आणि इंग्रजी जानेवारीत, त्यामुळे मधले अडीच-तीन महिने इंग्रजी आकडा पुढे सरकलेला असतो पण शके जुनाच चालू असतो. म्हणून माघ-फाल्गुन असेल तर 79 मिळवायचे, चैत्र ते कार्तिक डोळे झाकून 78. मार्गशीर्ष आणि पौष मात्र डोकेदुखी आहे, 1 जानेवारी ह्यांच्यातच कुठेतरी पडते, तिथे सरळ जंत्री (तिथी-तारखांचा तक्ता) उघडा, अंदाज मारू नका.

उत्तर बरोबर आलं का हे तपासायची एक भारी ट्रिक आहे. शकेत 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा नंबर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला जे नाव असतं त्याचा, पहिल्या प्रभवपासून मोजलेला (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). 1596 अधिक 12 म्हणजे 1608, बाकी 48, अठ्ठेचाळिसावा आनंद. आणि राज्याभिषेकाच्या वेळी संवत्सर आनंदनामच होतं! 1551 ला बाकी 3 उरते, म्हणजे शुक्ल, तेही जुळतं. शिळेवर नाव आणि आकडा जुळत नसतील तर आधी आपण आकडा नीट वाचलाय का ते बघा, दगड झिजला की काहीही दिसतं. तरी एखाद्या वर्षाचा फरक राहिला तर घाबरू नका, जुन्या लेखांत असं होतं.

आता हे 78 आले कुठून? गोष्ट सगळ्यांना माहितीये, पैठणचा शालिवाहन, मातीचे सैनिक, त्यांच्यात जीव ओतला आणि शत्रूला हरवलं, त्या विजयाचा शक. इतिहासवाले मात्र इसवी सन 78 ची ही सुरुवात कुषाण राजा कनिष्काकडे किंवा पश्चिमेच्या क्षत्रपांकडे (हे शक वंशाचे राजे) नेतात, शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटलं. मला ह्यात गंमत वाटते ती वेगळीच, ज्या शकांशी पैठणचे सातवाहन राजे भांडले त्यांचंच नाव आपण वर्षाला लावून गुढी उभारतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान क्षत्रपाची हजारो नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. नाणी पुसली पण शक काही पुसला नाही.

अजून दोन खड्डे सांगून ठेवतो. सरकारी कागदावरचा शक 1957 पासूनचा, तो पाडव्याला नाही तर 22 मार्चला बदलतो, लीप वर्षात 21 ला, आणि त्याचे महिने तिथीचे नाहीत. आणि गुजराती वही हातात आली तर तिथे विक्रम संवत, ते दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदलतं, तिथे 78 चालवायला जाऊ नका.