शहरात नवीन कॉन्सर्ट हॉल येतोय? मग प्रस्ताव असा वाचा आणि सूचना अशी द्या

महापालिकेने हजार-दीड हजार लोकांचा हॉल बांधायचं ठरवलंय, पेपरात काचेच्या बिल्डिंगचं रंगीत चित्र आलंय आणि तुम्हाला गाण्याची आवड आहे, तर हे शेवटपर्यंत वाचा. आम्ही दहा-बारा जण मिळून वर्षाला तीन-चार मैफली करतो आणि अशाच एका नव्या कोऱ्या हॉलमध्ये एकदा तानपुरे लागले, गवई डोळे मिटून बसले आणि वरच्या एसीच्या डक्टचा घुंऽऽ असा आवाज नेमका षड्जाच्या जरा खाली लागलेला, एसी बंद केला तर अर्ध्या तासात लोक घामाने भिजले. हॉल बांधून झाल्यावर हे दुरुस्त होत नाही, म्हणजे होतं पण खर्च इतका की कोणी करत नाही. म्हणून जे बोलायचं ते कागदावर असतानाच बोलायचं.

आधी एक सांगतो, मध्यम हॉलला विरोध करू नका, त्याची खरंच गरज आहे. आपल्या बहुतेक शहरांत सातशे-हजार सीटचं नाट्यगृह असतं आणि ते नाटकासाठी बांधलेलं असतं, पुण्याचं बालगंधर्व १९६८ चं, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं, कोल्हापूरचं तर शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं. त्याच्यावर गेलं की थेट लॉन नाहीतर मैदान. मधे गझलवाला, फ्युजन बँड, कॉलेजची पोरं, बाराशे लोक खेचणारा कलाकार, यांनी जायचं कुठे?

पहिलं काम कागद मिळवायचे. जागेचं आरक्षण बदलणार असतील तर एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, शहराचा नवीन विकास आराखडा येत असेल तर कलम २६ ची नोटीस, तिथे साधारण ३० दिवस. या नोटिसा पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात, त्यामुळे रोज बघा, महिना कधी संपतो कळत नाही. जागा आधीच आरक्षित असेल तर अशी नोटीस निघणारच नाही, मग महासभेचा ठराव, डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) आणि नकाशे माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. अर्जात "सगळी माहिती द्या" असं लिहू नका, कागदाचं नाव लिहून मागा: डीपीआर, ध्वनी सल्लागाराचा रिपोर्ट, पार्किंगचा नकाशा, वार्षिक देखभाल खर्चाचा अंदाज. ध्वनी सल्लागाराचा रिपोर्टच नाही असं उत्तर आलं तर तीच तुमची पहिली सूचना.

आता वाचायचं काय. सीट किती ते सगळे बघतात, तुम्ही घुमण्याचा वेळ बघा, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला किती सेकंद लागतात. बोलण्याला आणि माइकवरच्या बँडला एक सेकंदाच्या आसपास बरं, बिनमाइकच्या पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राला दोनच्या जवळ लागतो, आपलं शास्त्रीय गाणं हलक्या माइकवर मधे कुठेतरी छान वाटतं. हिशोब घरी करता येतो: हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि हॉलमधल्या एकूण आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाने भागा (म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती भाग शोषतो, आणि सगळ्यांची बेरीज). ८००० घनमीटरच्या हॉलमध्ये एक सेकंद हवा असेल तर जवळपास १२९० चौरस मीटर शोषण लागतं, बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो, म्हणजे हजार माणसं भरली तरी ५०० च झाले, बाकीचे सगळे भिंती, छत, पडदे यातून यायला हवेत. प्रस्तावात भिंतीला ग्रॅनाइट आणि काच लिहिली असेल तर ते येणार कुठून, हे सरळ विचारा. एकाच हॉलमध्ये नाटक, गाणं, बँड सगळं करायचं तर भिंतीवर सरकणारे जाड पडदे पाहिजेत, गाण्याला गुंडाळायचे आणि बँडला सोडायचे, तुलनेने स्वस्त आणि चांगला उपाय आहे. आणि एसीचा आवाज एनसी २५ च्या (रिकाम्या हॉलमधला यंत्रांचा आवाज मोजायची पट्टी, आकडा जितका कमी तितकी शांतता) आत असावा हे टेंडरच्या अटीत लिहून घ्या, निविदा महाटेंडर्स पोर्टलवर येते, तिथे अट नसेल तर ठेकेदार ते करणार नाही.

शेजाऱ्यांचा आवाजाचा प्रश्न टाळू नका, तो खरा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सूट आहे ती बंदिस्त सभागृहाला, त्यामुळे चित्रात हॉलचा एक मोठा दरवाजा लॉनकडे उघडणारा दाखवला असेल तर दहानंतर तो उघडा ठेवून चालणारच नाही. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. भिंत किती आवाज अडवते हा एकच आकडा देतील, तो पुरत नाही, ६३ आणि १२५ हर्ट्झला, म्हणजे खालच्या जाड आवाजाला, किती अडवते ते मागा, कारण शेजारच्या सोसायटीत गाणं नाही पोचत, ढोल आणि बेस पोचतो. प्रेक्षागृहाला जुळे दरवाजे हवेत, एक उघडला की दुसरा बंद.

मग टेम्पो. ही गोष्ट कुठल्याच चित्रात नसते. आम्हाला एकदा स्पीकर, कन्सोल (साऊंडचं मिक्सर) आणि रायझर (स्टेजवर ठेवायचे चौथरे) प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने खांद्यावरून न्यावे लागले होते कारण मागच्या गल्लीत छोटा हत्तीपण वळत नव्हता, साऊंडचेक उशिरा सुरू झाला आणि कार्यक्रम पाऊण तास लेट. नकाशावर बोट ठेवून बघा: मोठा ट्रक रिव्हर्स घेऊन स्टेजच्या पातळीला लागतो का, मधे पायऱ्या आहेत का. व्हीलचेअरवाल्यांचा रॅम्प स्टेजवर आणि मेकअप रूमपर्यंत पण हवा, कलाकार काय फक्त चालणारेच असतात का. आणि बायकांची टॉयलेट पुरुषांपेक्षा जास्त पाहिजेत, इंटरव्हल पंधरा मिनिटांचा असतो हो.

पार्किंगला स्वतः गणित करा. १२०० लोकांतले निम्मे दुचाकीवर डबलसीट आले तर ३०० गाड्या, ३०० लोक तिघेतिघे कारने आले तर १०० कार, एका कारला वळणाच्या जागेसकट साधारण २५ चौरस मीटर धरा, म्हणजे २५०० चौरस मीटर नुसत्या कारला. उरलेले ३०० बस-रिक्षाने. म्हणून शेवटची बस किती वाजता आहे ते विचारा, ती साडेनऊला असेल तर हे ३०० लोक शेवटचा राग न ऐकता उठणार.

आग. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा कितीतरी कलाकार रडले, आम्हीपण बातम्या बघत रात्र काढली. मुंबईचं षण्मुखानंदसुद्धा १९९० मध्ये जळालं होतं, परत सुरू व्हायला वर्षं गेली. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो, तो हॉलच्या दारावर लावायची अट मागा. फायर एक्झिट बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडतो की पार्किंगच्या कोपऱ्यात, तेपण बघा.

आणि तारखा, भाडं. माझ्या मते हॉल जगतो की मरतो ते इथे ठरतं. शनिवार-रविवार संध्याकाळ सगळ्यांनाच हवी असते, मग लग्नाचे रिसेप्शन आणि कंपन्यांचे मेळावे जास्त पैसे देऊन घेतात आणि गाणाऱ्याच्या वाट्याला मंगळवार दुपार. सूचनेत स्पष्ट लिहा की महिन्यातल्या अमुक तारखा स्थानिक संगीत संस्थांना कमी भाड्यात, साऊंडचेकचे तास भाड्यात धरून, तारखांचं वाटप ऑनलाइन सगळ्यांना दिसेल असं. देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात, हेपण.

सूचना लिहिताना एका कागदावर एकच मुद्दा, वर नोटीस क्रमांक आणि तारीख, खाली दोन ओळीत कारण आणि शेवटी नेमकी मागणी. "ध्वनिव्यवस्था चांगली असावी" असं लिहू नका. "हॉल भरलेला असताना घुमण्याचा वेळ १.२ सेकंदांपेक्षा जास्त नसावा, काम पूर्ण होताना तो मोजून दाखवावा आणि त्यानंतरच ठेकेदाराचं शेवटचं बिल द्यावं" असं लिहा. वीस जणांनी वेगवेगळे मुद्दे दिले तर वीस नोंदी होतात, एकाच पत्रावर वीस सह्या केल्या तर बऱ्याचदा एकच नोंद होते. आवक-जावकला देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, सुनावणीला तीच प्रत न्या, सोबत एखादा साऊंडवाला आणि एखादा तबलजी न्या, आणि बोलायला पाच मिनिटं मिळाली तर त्यातली तीन त्या साऊंडवाल्याला द्या.