घोड्याले लगाम कधी अन् मोरकी कधी?

आपल्याकडे पोळ्याले बैलाची नवी मोरकी घेतो ना, तशीच घोड्याचीबी असते, पण वरातीत पाहा, लोकं लगामालेच मोरकी म्हणून राहतात. फरक सोपा आहे. तोंडात लोखंड असलं की लगाम, नुसतं तोंडाभोवती दोर-पट्टा असला की मोरकी.

लगामाचं लोखंड समोरचे दात अन् दाढा यांच्यामधी जी रिकामी जागा असते तिथं बसते, नुसती हिरडी, म्हणून हात हलका ठेवा. ओठाच्या कोपऱ्यावर एखाददुसरी सुरकुती पडली म्हणजे बरोबर बसलं.

बांधाचं असन तर मोरकीच घाला भाऊ, लगामानं खुंट्याले कधीच बांधू नका, फटाका वाजला अन् घोडी मागं वढली तर तोंडच फाटते, अन् बँडवाले काही थांबत नाहीत. मोरकीचा नाकावरचा पट्टा हाडावर पाहिजे, खाली नाकपुडीकडं गेला तर दम कोंडते. पट्ट्याखाली दोन बोटं जाऊ द्या. गाठ सुरगाठच मारा, आपण मोकळं टोक वढलं की सुटली पाहिजे. चारा टाकाच्या आधी लगाम काढा.