सांभाळायला घेतलेली घोडी मालक विकतोय? या चुका टाळा

मार्गशीर्ष जवळ आला की असे फोन सुरू होतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, आणि दोन-तीन वर्षं दुसऱ्याकडे ठेवलेली घोडी मालकाला आठवते: “यंदा बाजारात उतरवतोय, पंधरा दिवसांत न्यायला येतो.” चंदी-वैरण तुमची, रोजचा खरारा तुमचा, मालकी मात्र त्याची. जीव तुटतोच. पण खरं नुकसान होतं ते त्या पहिल्या आठवड्यात रागाच्या भरात केलेल्या गोष्टींनी.

“इतकी वर्षं पोसली, आता माझीच”

पोसल्यानं मालकी येत नाही. भारतीय करार कायदा, 1872 मध्ये कलम 148 पासून दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या मालाचे नियम आहेत आणि घोडा त्यात येतो. आधी एवढं ठरवा: घोडी भाड्यानं होती की फुकट वापरायला? भाडं आणि मुदत ठरली असेल तर करारातल्या अटी धरून बोला. फुकट दिली असेल तर कलम 159 प्रमाणे मालक मुदतीआधीही परत मागू शकतो. मात्र त्या मुदतीच्या भरवशावर तुम्ही खर्च केला असेल आणि घोडी लवकर परत दिल्यानं होणारं तुमचं नुकसान तुम्हाला मिळालेल्या फायद्यापेक्षा जास्त असेल, तर वरचा फरक त्यानं भरून द्यायचा असतो. समजा दोन वर्षांचं ठरलं, तुम्ही पहिल्याच महिन्यात 40,000 रुपयांचा तबेला बांधला आणि पाचव्या महिन्यात घोडी मागितली, तर हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. त्यासाठी बिलं आणि मुदतीचा उल्लेख असलेले मेसेज हवेत.

“आधी हिशेब, मग घोडी”

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माल अडवून ठेवायचा हक्क कलम 170 देतं, पण तो त्या मालावर मेहनत किंवा कौशल्याचं काम करणाऱ्याला. रोजच्या दाण्या-वैरणीसाठी तो आपोआप मिळतो असं धरून चालू नका. त्यातही तुम्ही स्वतः रपेट करत होतात, म्हणजे फायदा तुम्हीही घेतलात. आणि खरी भीती पुढे आहे. कलम 161 सांगतं की तुमच्या चुकीमुळे वेळेवर परत दिलं नाही, तर त्या वेळेपासून मालाच्या नुकसानीची जबाबदारी तुमची. ठरलेली तारीख उलटली, तुम्ही घोडी अडवली आणि चौथ्या दिवशी ती पोटदुखीनं गेली, तर “मी नीट सांभाळत होतो” हे उत्तर पुरणार नाही. पैशांची मागणी लेखी करा, घोडी वेळेवर द्या. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालू द्या.

गाडी आली म्हणून घोडी चढवली

दलाल टेम्पो घेऊन दारात उभा राहतो, “मालकाशी बोलणं झालंय” म्हणतो. फोनवरच्या होकारावर मोरकी हातात देऊ नका. मालकाकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचंही चालेल: कोणाला द्यायची, कधी, त्या माणसाचं पूर्ण नाव, ओळखपत्राचा फोटो. उद्या सौदा फिसकटला तर मालक घोडी तुमच्याकडेच मागणार.

गिऱ्हाईक बघायला आलं की “एक चक्कर मारून बघू का?” हेही ठरलेलंच. कलम 154 मधलं उदाहरण नेमकं यावरच आहे. एकानं घोडा फक्त स्वतः बसण्यासाठी नेला आणि घरच्या माणसाला बसू दिलं. त्यानं जपून चालवला, तरी घोडा अपघातानं पडून जायबंदी झाला, आणि भरपाई घोडा नेणाऱ्यावर आली. म्हणून चाचणी रपेटीची परवानगी लेखी हवी, आणि मालक किंवा त्याचा माणूस हजर हवा.

खोडी लपवू नका, फुगवूही नका. मागचा डावा पाय नालबंदाला देताना ओढते, गाडीत चढताना बिचकते, पावसाळ्यात खूर मऊ पडतो, हे मालकापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. विचारलं तर खरं सांगा. विक्री मोडावी म्हणून घोडीची बदनामी करणारे असतात. त्यात घोडीचंच वाईट होतं, कारण मग ती पडत्या भावात कोणाच्याही हाती जाते.

घोडी गाभण असेल किंवा शिंगरू पायाशी असेल तर भांडण वाढतं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर कलम 163 प्रमाणे शिंगरूही मालकाचंच. त्या कलमातलं उदाहरण गाय-वासराचं आहे, नियम तोच.

विकत घ्यायचीय, पण बोललातच नाही

बाजाराला चार दिवस असताना नव्हे, फोन आला त्याच दिवशी किंमत विचारा. चाल तुम्ही बसवली म्हणून सूट मागायला हरकत नाही, पण तो हक्क नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांऐवजी दुसऱ्या पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. सवयीच्या डोळ्याला लंगड दिसत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात

“आता कशाला खर्च” म्हणून नाल आणि चंदी थांबवू नका. देताना घोडी अशक्त दिसली तर ठपका तुमच्यावर. वजन लिहून ठेवा: छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880. घेर 170, लांबी 150 असेल तर साधारण 365 किलो. चारी खूर, दात, दोन्ही बाजू आणि चालतानाचा व्हिडिओ, तारखेसह.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीची मालकाला आधीच आठवण करून द्या. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवायचा असतो, अहवालाला वेळ लागतो. या रोगावर लस नाही आणि बाधित जनावर जिवंत ठेवता येत नाही, म्हणून इथे घाई करून चालत नाही. गाडीत चढवण्याआधी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो.

खोगीर, लगाम, रिकिबी कोणाच्या, याची यादी दोघांच्या सहीनं करा. आणि घोडीबरोबर तिच्या रोजच्या चंदीची सात-आठ दिवसांची गोणी द्या, वर चिठ्ठी लावून: सकाळी किती, संध्याकाळी किती, हरभरा भिजवलेला की कोरडा. नव्या ठिकाणी एकदम खुराक बदलला की पोट बिघडतं.