मुस्लिम देशांची युनियन होणार का, हे स्वतः कसं तपासायचं

दर एक-दोन वर्षांनी बातमी येते, मुस्लिम देश एकत्र येणार, इस्लामिक नाटो होणार, एकच चलन येणार, आणि लगेच काही लोक खूश होतात, काही घाबरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी आणि पाकिस्तानने संरक्षण करार केला तेव्हाही हेच झालं. मी हा विषय बरीच वर्षं मनापासून फॉलो करतोय, आणि मला वाटतं खूश व्हायच्या किंवा घाबरायच्या आधी थोड्या गोष्टी स्वतः बघून घ्याव्यात, त्याला काही डिग्री लागत नाही.

सगळ्यात आधी विचारा, "मुस्लिम देश" म्हणजे नक्की कोण? ओआयसी म्हणजे इस्लामिक सहकार्य संघटना, १९६९ मध्ये अल-अक्सा मशिदीला आग लागल्यानंतर मोरोक्कोतल्या रबातमध्ये स्थापन झाली, आज ५७ सदस्य आहेत, ऑफिस सौदीतल्या जेद्दाहला. त्यात कतारसारखा श्रीमंत देश आहे आणि नायजरसारखा अतिशय गरीबही, इराण आणि सौदी दोघंही आहेत. तिचे ठराव कुणावर बंधनकारक नसतात. त्यामुळे बातमीत "५७ देशांनी ठरवलं" असं असेल तर ते निवेदन आहे, युनियन नाही, एवढं धरून चाला. दोन, सहा, आठ देशांची बातमी असेल तर मात्र नीट वाचा, कारण खरं काम तिथेच होतं.

मग बघा की गोष्ट कुठल्या पायरीची आहे. आधी आपसातला टॅक्स कमी करणं, मग बाहेरच्या मालावर सगळ्यांनी सारखीच कस्टम ड्युटी लावणं (कस्टम युनियन), मग माणसं-पैसा मोकळा फिरणं (कॉमन मार्केट), मग एक चलन आणि शेवटी एक सरकार. खालची पायरी डळमळीत असताना कोणी वरच्या पायरीबद्दल बोलत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका.

यासाठी आखाती देशांची संघटना जीसीसी नीट अभ्यासा, एवढी एक केस कळली की अर्धा विषय कळला. १९८१ ची संघटना, सहा देश (सौदी, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, बहरीन, ओमान), भाषा एक, शेजारी शेजारी, सगळीकडे राजेशाही, तेल-गॅसचा पैसा, म्हणजे इतकं जुळणारं दुसरीकडे कुठे मिळणार? आणि त्यांनी केलंही बरंच, २००३ ला कस्टम युनियन, बाहेरच्या बहुतेक मालावर ५ टक्के ड्युटी, २००८ ला कॉमन मार्केट, वीजेचं ग्रिडसुद्धा एकमेकांना जोडलं. पण चलनापाशी गाडी अडली. एका चलनाच्या योजनेतून ओमान आधीच बाहेर पडला, २००९ मध्ये मध्यवर्ती बँक सौदीच्या रियाधला ठेवायचं ठरल्यावर अमिरातीही बाहेर पडली. पुढे २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि सोबत इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली, ती २०२१ च्या जानेवारीपर्यंत चालली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सौदीने शेजाऱ्यांच्या फ्री झोनमधल्या (करात खास सूट असलेल्या औद्योगिक भागांतल्या) मालाची टॅक्स सवलत काढून घेतली. यात धर्माचं भांडण कुठेच नाहीये, बँक कुणाच्या शहरात, कारखाने कुणाकडे, मोठा भाऊ कोण, एवढंच आहे. म्हणून पुढच्या वेळी करार आला की पहिला प्रश्न हाच विचारा की मुख्यालय कुठे असणार आणि निर्णय कोण घेणार.

तिसरं, नकाशा उघडा आणि सीमेवरून ट्रक जातो का ते बघा. १९८९ मध्ये मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लिबिया, मॉरिटानिया यांनी अरब मगरेब युनियन काढली, माराकेशमध्ये थाटात सह्या झाल्या, आणि १९९४ पासून मोरोक्को-अल्जेरिया जमिनीवरची सीमा बंद आहे. मूळ भांडण पश्चिम सहाराचं, म्हणजे मोरोक्को ज्या भागावर हक्क सांगतो आणि अल्जेरिया जिथल्या स्वातंत्र्यवाद्यांना पाठिंबा देतो त्याचं. २०२१ मध्ये अल्जेरियाने राजनैतिक संबंधही तोडले आणि मोरोक्कोतून स्पेनला जाणारी गॅस पाइपलाइन थांबवली. युनियन कागदावर अजूनही आहे बरं का.

व्यापाराचंही बघा. ओआयसी देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलाय, युरोपियन युनियनमध्ये तो अर्ध्याहून जास्त आहे. कारण सरळ आहे, दोघंही तेलच विकत असतील तर एकमेकांना काय विकणार? शिवाय बऱ्याच जणांची सोयरीक आधीच दुसरीकडे झालीय, तुर्कीची १९९६ पासून युरोपशी कस्टम युनियन आहे, मलेशिया-इंडोनेशिया आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटात, कझाकस्तान रशियासोबतच्या आर्थिक युनियनमध्ये.

आता एक गोष्ट जी चर्चेत कधीच येत नाही. सेनेगल, माली, नायजर, बुर्किना फासो वगैरे पश्चिम आफ्रिकेतले आठ देश एकच चलन वापरतात, सीएफए फ्रँक, एक मध्यवर्ती बँक सेनेगलच्या डाकारला, आणि आठही देश ओआयसीचे सदस्य आहेत! म्हणजे कॉमन चलन आधीच आहे, फक्त ते धर्मावरून आलेलं नाही, फ्रेंच वसाहतींच्या काळातून आलंय आणि युरोला बांधलेलं आहे. ते चांगलं की वाईट यावर तिथे कडाक्याचा वाद आहे, पण कॉमन चलन ठेवायचं म्हणजे काय सोडावं लागतं हे शिकायचं असेल तर हेच वाचा.

राजकीय युनियनसाठी तीन उदाहरणं शेजारी ठेवा. इजिप्त-सीरिया १९५८ ला एक झाले, सगळी सत्ता इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या कैरोत गेली, सीरियन अधिकाऱ्यांना दुय्यम वाटायला लागलं आणि १९६१ मध्ये सगळं मोडलं. येमेन १९९० ला एक झाला, १९९४ मध्ये दोन बाजूंत युद्ध. आणि १९७१ ची संयुक्त अरब अमिराती, जी टिकली, कारण ब्रिटिश निघून जात होते, एकट्याने निभणं कठीण होतं, अबू धाबीने तेलाचा पैसा बाकीच्यांवर खर्च केला आणि प्रत्येक शेखची आपली गादी आपल्याकडेच राहिली. माझ्या मते शक्यता कुठे असेल तर ती याच पद्धतीत आहे, छोटी, शेजारची, पैसे देणारा कोणीतरी तयार असलेली, आणि कुणाची खुर्ची न हलवणारी. मोरोक्को ते इंडोनेशिया एक सरकार, हे मला माझ्या हयातीत दिसत नाही.

माझं स्वतःचं लक्ष शिखर परिषदांपेक्षा मोरोक्कोतल्या उजदा शहराजवळच्या त्या बंद सीमेवर असतं. दोन्हीकडे एकाच कुटुंबातली माणसं राहतात, काही किलोमीटरवरच्या बहिणीला भेटायला तिसऱ्या देशातून विमानाने फिरून जावं लागतं, आणि हे वाचून मला दरवेळी खरंच वाईट वाटतं. ते गेट उघडल्याची बातमी आली तर ती नक्की पूर्ण वाचा.